चाळीस वर्षांत बदललेला तारा: एक जुना पेपर वाचताना

नेट, जेस्टची तयारी करताना बाणांची ती आकृती तुम्ही पाठ केलीच असेल: राक्षसी तारा, मग प्रोटोप्लॅनेटरी नेब्युला, मग प्लॅनेटरी नेब्युला, शेवटी श्वेत बटू. (ग्रहांचा इथे काही संबंध नाही, नावच फसवं आहे. म्हणून राघवेंद्र सहाय यांच्यासारखे संशोधक ‘प्री-प्लॅनेटरी’ म्हणतात.) दुसऱ्या टप्प्यात ढग मुख्यतः ताऱ्याच्या परावर्तित उजेडात दिसतो. तारा साधारण 30,000 केल्विनपर्यंत तापला की वायू आयनित होऊन स्वतः चमकतो. याला शेकडो ते हजारो वर्षं लागतात, असं पुस्तक सांगतं.

1993 मध्ये एम. पार्थसारथी आणि सहकाऱ्यांनी छोटासा पेपर लिहिला. पार्थसारथी बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतले. त्यांचा दावा असा, की एसएओ 244567 हा तारा गेल्या 40 वर्षांत प्लॅनेटरी नेब्युला झाला! 1971 मध्ये तो बी-प्रकारचा, सुमारे 21,000 केल्विनचा तारा होता. 1990 च्या वर्णपटात मात्र आयनित वायूच्या ठळक रेषा. हाच स्टिंगरे नेब्युला. आपल्या हट्ट्याहून तो वृश्चिकाच्या शेपटीखाली, दक्षिण क्षितिजावर जेमतेम 11 अंश वर येतो; नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

या पेपरची ताकद जुन्या नोंदींत आहे. दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्याच कामासाठी घेतलेली निरीक्षणं त्यांनी नव्या वर्णपटाशेजारी ठेवली. नवी दुर्बीण हवी म्हणून अडून बसणाऱ्यांनी हे जरूर बघावं.

पण शीर्षक मला खटकतं. ‘नेब्युला झाला’ म्हटलं की प्रवास एकाच दिशेचा, असं वाटतं. हाती होत्या मोजक्या तारखांच्या नोंदी. त्यांना जोडणारी रेघ आपल्या डोक्यातल्या आकृतीतून आली. शिवाय हिशेब बसत नव्हता. इतक्या झपाट्याने तापायला ताऱ्याचं वस्तुमान जास्त हवं, याचं तर कमी निघालं.

पुढे निकोल राइंडल यांच्या गटाने हबलचे नवे वर्णपट घेतले. 2002 नंतर तारा थंड होतोय आणि त्याचं आवरण फुगतंय, असं 2017 मध्ये छापून आलं. म्हणजे स्वारी उलटी, राक्षसी अवस्थेकडे परत! त्यांच्या मते हेलियमचं कवच उशिरा पुन्हा भडकलं असावं. 1996 आणि 2016 ची हबलची चित्रं शेजारी ठेवली, तर ऑक्सिजनचा प्रकाश शेकडो पटींनी घटलेला दिसतो.

मला हा दुसरा पेपर जास्त आवडतो, कारण आपल्या बाजूच्या प्रतिकृतींनाही तो सोडत नाही. तापमान, गुरुत्व, रासायनिक घटक हे सगळं त्या एकाच वेळी जुळवू शकत नाहीत, असं सारांशातच लिहिलंय.