शैलीचा शिक्का
जर्मनच्या वर्गात पहिल्याच दिवशी प्रश्नावली भरून घेतली आणि मी ‘बघून शिकणारी’ ठरले. मग ऐकण्याचा सराव टाळायला निमित्तच मिळाले! फ्लेमिंग आणि मिल्स यांची चार शैलींची मांडणी १९९२ची. २००८मध्ये पॅशलर व सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन तपासले. शैलीनुसार शिकवल्याने फायदा होतो, याला पुरेसा पुरावा त्यांना आढळला नाही. आवडीनिवडी असतात, हे त्यांनाही मान्य आहे. पण ‘शोन’ म्हणजे आधीच आणि ‘श्योन’ म्हणजे सुंदर, हा उच्चारभेद चित्र बघून कसा कळणार? तिथे कानच हवा. उलट जर्मनमध्ये सूर्य स्त्रीलिंगी. तीन लिंगे बोलत वाढलेल्या मराठी माणसालाही ते घोकावेच लागते, त्याची शैली कोणतीही असो. परीक्षेत माझा श्रवणाचाच भाग राहिला.