बरवे अतिवास्तववादी होते का? एका लेबलची तपासणी

संशोधनाच्या तयारीत असलेल्या मित्रमैत्रिणींनो, आज उदाहरण प्रयोगशाळेतलं नाही, चित्रकलेतलं घेतोय. प्रश्न मात्र आपलाच आहे: एखाद्या गोष्टीला एका वर्गात टाकायला पुरावा किती लागतो?

प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांच्या चित्रांत घड्याळ, पान, फळ, टाचणी अशा रोजच्या वस्तू मोकळ्या जागेत सुट्या-सुट्या दिसतात. एकमेकींशी त्यांचा काही संबंध लागत नाही. पाहणारा लगेच म्हणतो, हे तर स्वप्नासारखं, म्हणजे अतिवास्तववाद. मला ही घाई पटत नाही.

ज्याच्याबद्दल शंका नाही असा एक चित्रकार आधी बघू. विफ्रेदो लाम, जन्म १९०२, क्युबा. वडील चिनी, आईकडून आफ्रिकी आणि स्पॅनिश वारसा. १९३८ला तो पॅरिसला गेला. पुढे युद्धामुळे मार्सेलला अडकला असताना आंद्रे ब्रेतोंच्या कवितेसाठी त्याने चित्रं काढली. हा ब्रेतों म्हणजे १९२४चा अतिवास्तववादाचा जाहीरनामा लिहिणारा. म्हणजे लामच्या बाबतीत भेटी, तारखा, एकत्र केलेलं काम, सगळं हाताशी आहे. तरीही ‘जंगल’ (१९४३) हे त्याचं गाजलेलं चित्र नुसत्या ‘मिश्र रक्ता’ने उलगडत नाही. त्यात उसाची दाट कांडी आहेत. क्युबातला ऊस आणि गुलामगिरी यांचा इतिहास माहीत नसेल, तर ते केवळ विचित्र आकृत्यांचं चित्र वाटतं. वंश सांगितला की चित्र समजलं, असं होत नाही.

आता बरवे. जन्म कोकणातल्या नागावचा, शिक्षण मुंबईच्या जे. जे.मध्ये, मग नोकरी विणकर सेवा केंद्रात. त्या नोकरीत १९६०च्या दशकातली काही वर्षं ते बनारसला होते. तिथे तांत्रिक चिन्हं, यंत्रं यांच्याशी ओळख झाली आणि त्या काळातल्या चित्रांत ती उघड दिसते. पॉल क्लेचा प्रभावही आहे. वारसा इथेही मिश्रच आहे, फक्त तो रक्तातून आलेला नाही. शाळा, नोकरी आणि गाव बदलत गेलं, त्यातून तो साचला.

मग घड्याळाचं काय? दालीच्या १९३१च्या चित्रातली घड्याळं वितळतात, पण ती एका जागी वितळतात. मागे समुद्र आहे, कडे आहेत, संध्याकाळचा उजेड आहे. आपण त्या जागेवर विश्वास ठेवतो, म्हणून धक्का बसतो. बरव्यांकडे बहुतेक वेळा अशी जागाच नसते. दारं-खिडक्यांना लावतो तसल्या इनॅमल रंगाचा सपाट, गुळगुळीत पृष्ठभाग असतो. त्यावर वस्तूचा आकार, तिची बाह्यरेषा, कधी सावली, असे तिचे भाग वेगळे करून मांडलेले असतात. धक्का द्यायचा हेतू मला तिथे दिसत नाही. वस्तूचं नाव आणि उपयोग काढून घेतला तर काय उरतं, हा तिथला प्रश्न वाटतो. ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) हे त्यांचं मराठी पुस्तकही आकार, अवकाश आणि वस्तू यांच्याबद्दल असाच सावकाश विचार करतं.

जीवशास्त्रवाल्यांना हे लगेच कळेल. शार्क आणि डॉल्फिन दिसायला सारखे, पण एक मासा आणि दुसरा सस्तन प्राणी. बाहेरून सारखं दिसणं म्हणजे नातं असणं नाही.

बरव्यांची बाजू घेतोय म्हणून सगळंच उत्तम, असंही नाही. कापडाच्या डिझाइनची सवय कधीकधी त्यांना नडते. काही चित्रांत वस्तू इतक्या नीटनेटक्या बसतात की प्रश्न विझतो आणि नुसता नमुना उरतो. पण ही उणीव दिसते कधी? चित्र त्यांच्या स्वतःच्या वाटेवर ठेवून पाहिलं तरच. ‘अतिवास्तववादी’ म्हणून पाहिलं तर ते केवळ सौम्य दाली ठरतात, आणि मराठी चित्रकाराची गोष्ट पॅरिसच्या शाखेची गोष्ट होऊन बसते.

एक अडचण आपल्या बाजूचीही आहे. घुग्घुसला बसून ही चित्रं आपण मोबाइलवर बघतो. २०१९ला मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात बरव्यांचं मोठं प्रदर्शन झालं, त्यात त्यांच्या डायऱ्याही होत्या. स्क्रीनवर इनॅमलची चमक जाते, आकार कळत नाही, उरतं ते फक्त ‘काय काढलंय’. घड्याळ दिसतं, पृष्ठभाग दिसत नाही. आणि दालीशी साम्य आहे ते नेमकं ‘काय काढलंय’ त्यातच. म्हणजे चुकीचं लेबल लागण्याची सोय आपल्या पाहण्याच्या साधनातच आहे. साधनाची मर्यादा लिहून ठेवायची असते, हे आपल्याला पहिल्याच सेमिस्टरला शिकवतात. चित्रालाही तोच नियम लावा.

तेव्हा प्रबंधात ‘अमुक हा तमुकवादी’ असं लिहिण्याआधी तीन रकाने करा: काय सारखं दिसतं, प्रत्यक्ष संबंधाचा पुरावा काय, आणि फरक काय. लामचे तिन्ही भरतात. बरव्यांचा पहिला भरतो, तिसरा भरून वाहतो. मधल्या रकान्यात ब्रेतोंचा गट येत नाही. तिथे बनारस येतं, क्ले येतो, विणकर केंद्र येतं. लिहायचं ते त्यावर लिहा.