बॉबर आडवा होतो तेव्हा

मासा लागला की दोरीवर तरंगणारा बॉबर बुडतो, एवढं ज्याने आयुष्यात गरी हातात धरली नाही त्यालाही ठाऊक असतं. अमेरिकेतल्या एनिड लेकच्या काठावर पहिल्या वसंतात मीही त्या बुडण्याचीच वाट बघत होतो. दोन तासांत तीनदा तो लाल-पांढरा गोळा कलंडला, पाण्यावर आडवा पडला आणि पुन्हा उभा राहिला. मला वाटलं, वारा. शेजारी पालथ्या बादलीवर बसलेले आजोबा हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. एवढंच म्हणाले, "पोरा, वारा नव्हता तो."

क्रॅपी ही इथली गोड्या पाण्यातली मासळी. ती आमिष घेते ते बहुतेकदा खालून, वर उसळून. तिने आमिषाची बारकी जिवंत मिनो मासळी तोंडात घेतली की वरचं शिसंही उचललं जातं. बॉबरला ताठ उभं ठेवणारं वजनच गेलं, मग तो निजतो. एरवी ओढ लागली म्हणजे मासा लागला असं समजायचं. इथे ओढ सुटली की समजायचं. क्रॅपीची सगळी गंमत मला या एका उलट्या खुणेत वाटते.

पुढचा क्षण त्याहून नाजूक. हिच्या तोंडाची कड इतकी पातळ की इकडचे लोक हिला 'पेपरमाउथ' म्हणतात. कोकणात गरवताना हिसका मारायची माझी जुनी सवय. पहिल्या दोघी ओठ फाडून गेल्या. घावन तव्यावरून सोडवताना हात जसा जातो, तशी काठी नुसती उचलायची. शेजारच्या लुइझियानात हिचं फ्रेंच नाव आहे, त्याचा शब्दशः अर्थ दुधाची पिशवी. मांस खरंच तसं पांढरं. पण खाण्याचं वर्णन करत नाही, तळलेल्या माशापुढे कुणाचंच रसग्रहण टिकत नाही.

एनिड मिसिसिपी राज्यात, मेंफिसहून मोटारीने सव्वा तासावर. योकोना नदीवरचं हे धरण 1952 साली पुरं झालं ते पूर अडवायला. मासे हा वरकड लाभ. पुराला जागा राहावी म्हणून हिवाळ्यासाठी पाणी मुद्दाम उतरवून ठेवतात. वसंतात ते पुन्हा चढतं आणि काठावरची झुडपं बुडतात. पाणी 16 ते 20 अंश सेल्सिअसवर आलं की क्रॅपी अंडी घालायला त्या झुडपांतच येते, गुडघा-कमरेइतक्या पाण्यात. नर तळ साफ करून राखण करत बसतो. वर्षातले हे थोडे आठवडे काठावरच्या माणसाचे. 1957 साली इथे 5 पौंड 3 औंसांची पांढरी क्रॅपी सापडली, तिची नोंद जागतिक विक्रम म्हणून झाली. माझ्या वाट्याला तळहाताएवढ्या येतात, आणि त्यातल्याही ठरलेल्या लांबीहून आखूड असतील त्या परत सोडाव्या लागतात.

होडीवाल्यांच्या सोनारच्या पडद्यावर आता मासा आधीच दिसतो. दिसो बापडा. कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही.

दिवस मावळला की बॉबर दिसेनासा होतो आणि वाचण्याची रीतच बदलते. आता पाळी चॅनेल कॅटफिशची. खवलं नाहीत, मिशा आठ, आणि रुचिकलिका अंगभर. म्हणजे हा मासा सबंध कातडीने चव घेतो. आमिष कोंबडीची कलेजी. ती इतकी लिबलिबीत की फेकताना गरीवरून सुटून भलतीकडे पडते, म्हणून मी शिवणाच्या दोऱ्याने चार वेढे मारतो. जड शिसं तळाशी, काठी दुबेळक्यात, दोरीवर तर्जनी. आधी नुसती टुकटुक, कुणी नखाने दार वाजवावं तशी. तेव्हा हलायचं नाही. मग दोरी सावकाश, न थांबता निघू लागते.

पहिला कॅटफिश काठावर आला आणि आनंदात मी त्याला नको तिथे धरला. कॅटफिशचाच भाऊबंद असलेला आपला शिंगाळा काट्यांच्या मागून धरावा, हे आईने लहानपणी शंभरदा सांगितलेलं. पाठीवरचा आणि बाजूचे दोन काटे हा ताठ करून अडकवूनच ठेवतो. अंगठा दोन दिवस ठणकत होता.

काठीच्या टोकाला घंटी लावायची पद्धत आहे. मासा ओढू लागला की वाजते, तोवर गप्पा मारायला मोकळे. आजोबांनी अंधार पडताच आपली घंटी काढून खिशात टाकली आणि दोरीवर बोट ठेवलं. घंटीला उशिरा कळतं म्हणाले.

मी अजून लावतो.