‘रापितो’ : सहा वर्षांचा कैदी

इटालियन दिग्दर्शक मार्को बेलोकिओ यांचा ‘रापितो’, म्हणजे ‘पळवून नेलेला’, हा २०२३ सालचा चित्रपट आम्ही पाहिला. विषय आपल्या समाजाने जाणून घ्यावा असा आहे, म्हणून हे चार शब्द.

जून १८५८ मध्ये बोलोन्या शहरातील मोर्तारा या यहुदी कुटुंबाच्या दारात पोपचे शिपाई येऊन उभे राहिले. त्या काळी बोलोन्यावर राज्यच पोपचे होते. एदगार्दो तान्हा असताना आजारी पडला, तेव्हा आपण गुपचूप पाणी शिंपडून त्याचा बाप्तिस्मा केला, असे घरातील ख्रिस्ती मोलकरीण आना मोरिसी हिने सांगितले होते. कायद्याला एवढे पुरे झाले. ख्रिस्ती ठरलेले मूल यहुदी आईबापांकडे राहू शकत नसे. सहा वर्षांच्या एदगार्दोला रोमला नेण्यात आले. आईबापांनी अर्ज-विनंत्या केल्या, युरोप-अमेरिकेत ओरड झाली; पण पोप नववे पायस हलले नाहीत.

आजारी मुलांच्या उशाशी आम्ही नर्स म्हणून बरीच वर्षे काढली. मूल दगावेल या भीतीने माणसे काय काय करतात, ते पाहिले आहे. त्यामुळे त्या अडाणी मोलकरणीची आम्हांला कीवच आली. परंतु तिच्या ओंजळभर पाण्याचा आधार घेऊन मूल आईच्या कुशीतून ओढणारा कायदा अक्षम्य वाटतो.

चित्रपटाचे बळ आईच्या भेटीच्या प्रसंगात आहे. एदगार्दो प्रथम परक्यासारखा उभा राहतो. मग बांध फुटतो, आईला बिलगून तो सांगतो की, मी रोज रात्री शेमा म्हणतो. कोकणातील खेड्यांत बाकीच्या प्रार्थना विसरूनही आपल्या वाडवडिलांनी शेमा जपला होता. त्यांच्यावर कोणी जबरदस्ती केली नव्हती. या पोराला मात्र तो चोरून म्हणावा लागला. बार्बरा रोंकी यांनी आईचे काम फार संयमाने केले आहे.

पोपच्या चित्रणात मात्र दिग्दर्शकाचा तोल जातो. यहुदी आपली सुंता करायला आले आहेत, असे स्वप्न पोपला पडते; तेथे प्रेक्षक हसतो आणि भीती ओसरते. याच पोपने १८४८ साली रोममधील यहुदी वस्तीचे दरवाजे काढून टाकविले होते. असा माणूस दहा वर्षांनी एवढा कठोर का व्हावा? हे कोडे अधिक खोलात जाऊन दाखवायला हवे होते.

आणि शिक्षा? मूल नेण्याचा हुकूम देणारे धर्मन्यायाधीश फेलेत्ती यांच्यावर १८६० मध्ये खटला झाला, ते निर्दोष सुटले. १८७० मध्ये इटलीच्या सैन्याने रोम घेतले, तेव्हा पोप स्वतःला ‘व्हॅटिकनचा कैदी’ म्हणवू लागले. ज्याने दुसऱ्याचे मूल परत दिले नाही, त्याने राजवाड्यात राहून कैदी म्हणवावे! २००० साली चर्चने त्यांना ‘धन्य’ म्हणून घोषित केले. एदगार्दो मोठेपणी पाद्री झाला आणि १९४० साली बेल्जियममध्ये वारला. जन्मठेप भोगली ती त्याच्या आईबापांनी.

दोष असूनही चित्रपट पाहण्याजोगा आहे. नातवंडांना बरोबर न्यावे, आणि घरी आल्यावर त्यांच्याशी बोलावे.