'सेट'चे अर्थ आणि कोशकाराची गणना

इंग्रजीच्या समृद्धीचा दाखला म्हणून 'सेट' या शब्दाचे नाव वारंवार घेतले जाते. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतील सर्वांत दीर्घ नोंद याच शब्दाची होती. त्यातील क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ सांगितले जातात. पुढे २०११ मध्ये 'रन' या क्रियापदाची नोंद नव्याने सिद्ध झाली, तिच्यात ६४५ अर्थ भरले आणि तो मान तिच्याकडे गेला. परंतु या गणनेत मोजले गेले ते काय? शब्दाचे अर्थ, की कोशकाराने पाडलेले विभाग? १९८९ च्या आवृत्तीतील मजकूर बव्हंशी जुन्या आवृत्तीचाच होता, तर 'रन'ची नोंद ताज्या साधनांवर आधारलेली आहे. अशा दोन संख्यांची तुलना शब्दांविषयी थोडे आणि संपादनपद्धतीविषयी अधिक सांगते.

प्रथम नामाचा विचार करू. 'समूह, संच' या अर्थाचे 'सेट' हे नाम मुख्यतः जुन्या फ्रेंचमधून आले असून त्याचे मूळ लॅटिन 'सेक्टा' या शब्दात आहे. क्रियापदाचे कूळ निराळे. म्हणजे चहाचा सेट आणि खडा 'सेट' करणे यांतील साम्य पुष्कळ अंशी ध्वनीचे आहे. आपल्याकडील अध्यापक-पात्रतेची 'सेट' परीक्षा तर आद्याक्षरांतून घडलेली आहे. येथे एका शब्दाचे अनेक अर्थ नसून अनेक शब्दांचे एक रूप आहे. भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त शब्दाच्या एकत्वाचा व नानात्वाचा पक्ष मांडला आहे. अर्थांची मोजणी करणाऱ्याने आपला पक्ष आधी निश्चित केला पाहिजे.

क्रियापदाची कथा अधिक उद्बोधक आहे. 'सेट' हे 'सिट'चे, म्हणजे बसण्याच्या क्रियापदाचे, प्राचीन प्रयोजक रूप होय. संस्कृतातील 'सद्' धातूचे 'सादयति' हे त्याचे सगोत्र आहे. मराठी 'बसविणे' मात्र 'उप' पूर्वक 'विश्' धातूच्या कुळातील. कूळ भिन्न असूनही दोघांची वाटचाल काही ठिकाणी एकच आहे : अंगठीत खडा आणि मोडलेले हाड या दोहोंना इंग्रजीत 'सेट' चालतो, मराठीत 'बसविणे'. योग्य जागी स्थिर करणे हा मूलार्थ. उरलेले काम कर्म करते. मराठीत त्याच बळावर गणपती, नाटक आणि करही 'बसवितात'.

साम्य येथे थांबते. 'सिट' आणि 'सेट' यांचे नाते आजच्या इंग्रजी भाषकास प्रत्ययातून जाणवत नाही. त्यामुळे 'सेट' स्वतंत्र झाला आणि अकर्मकही बनला. सूर्य 'सेट' होतो, सिमेंट 'सेट' होते. मराठीत 'बसणे-बसविणे' ही जोडी जिवंत आहे. म्हणून घसा बसतो, धूळ बसते, मेळ बसतो. हे अर्थ 'बसविणे'च्या नोंदीत येत नाहीत. इंग्रजी कोशात जी गर्दी एका शीर्षाखाली दिसते, तिच्यासारखी गर्दी मराठीत दोन शीर्षांखाली विभागली जाते. तेव्हा अर्थांच्या संख्येवरून भाषांची श्रीमंती ठरविणे अशास्त्रीय होय.

याचा संबंध आपल्या कोशरचनेशी आहे. 'ठेवणे, लावणे, मांडणे, बसविणे, नेमणे' अशी प्रतिशब्दांची रांग देणारी नोंद विद्यार्थ्यास कोणता शब्द केव्हा वापरावा हे सांगत नाही. घड्याळ व सापळा यांना 'लावणे', प्रश्नपत्रिकेला 'काढणे', सूर्याला 'मावळणे', किमतीला 'ठरविणे' हा निर्णय सहचर पदांवरून होतो. अर्थनिश्चितीची साधने सांगताना भर्तृहरीने संसर्ग, साहचर्य, प्रकरण इत्यादी गणली, ती याच कारणाने. इंग्रजी-मराठी कोशातील अशी नोंद कर्ता आणि कर्म यांच्या अनुरोधाने लावली, तर ती आकाराने कदाचित लहान होईल. परंतु वापरणाऱ्याला योग्य शब्दापर्यंत नेईल.