चित्रकथीची पोथी आणि सुटी पानं

मराठवाड्यातल्या चितेगावहून पुढे जाणारा रस्ता ज्या पैठणला पोहोचतो, त्या गावाचं नाव एका चित्रशैलीला जगभर मिळालं आहे. 'पैठण शैली'ची चित्रं लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत. ॲना दलापिकोला यांनी १९८० मध्ये त्यांच्यावर जर्मनमध्ये अख्खा ग्रंथ लिहिला. आमच्याकडे मात्र पैठण म्हटलं की नाथांची समाधी, पैठणी आणि जायकवाडी एवढंच आठवतं.

ही चित्रं म्हणजे आपली पहिली कॉमिक्स, असं मी ठामपणे म्हणतो. चित्रकथी कथा गाऊन सांगायचा आणि एकेक चित्र पुढे धरायचा. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. पान उलटलं की प्रसंग पुढे सरके. बभ्रुवाहनाची लढाई, अहिरावण-महिरावण, नल-दमयंती अशी आख्यानं. चेहरे एका बाजूने दिसणारे, डोळे मोठे, आणि युद्धाच्या पानावर बाणांची एवढी दाटी की मोकळी जागा उरत नाही. चित्र दाखवून कथा सांगणाऱ्याचा उल्लेख बाराव्या शतकातल्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लास'मध्येही आहे. म्हणजे परंपरा जुनी. तिची सुटी पानं मात्र त्या मानाने फार थोडी हाताशी उरली.

वाळवी, कसर, ओल हे कागदाचे शत्रू सगळ्यांनाच माहीत आहेत. पण या कलेचं मोठं नुकसान संग्राहकांच्या प्रेमातूनही झालं. एका आख्यानाच्या चित्रांचा संच म्हणजे पोथी; ती विकत घेताना देखणं पान उचललं, बाकीचं राहिलं. एक पान चौकटीत गेलं आणि आख्यान तुटलं. काचेआड लावलेल्या बभ्रुवाहनाच्या पाठीमागे पुढचा प्रसंग आहे, तो कुणालाच दिसत नाही. चित्रकथेत एकट्या पानाला अर्धाच अर्थ असतो, हे ज्याला कळलं नाही त्याने कितीही निगुतीने कागद जपला तरी कला जपली असं मी मानणार नाही.

अलीकडच्या कॉमिक्सची गत वेगळी नाही. अमर चित्र कथेसाठी राम वाईरकरांनी, पुण्याच्या प्रताप मुळीकांनी काढलेलं काम लाखो घरांत पोहोचलं, पण छापील रूपात. मूळ पानावर पेन्सिलीची खालची रेघ, पांढऱ्या रंगाने झाकलेली चूक, चिकटवलेला संवादाचा कपटा असा हाताचा सगळा विचार राहतो. स्कॅनमध्ये त्यातलं बरंच सपाट होतं. पिवळी पडणारी चिकटपट्टी आणि आम्लयुक्त स्वस्त कागद हा विचार हळूहळू खाऊन टाकतात. साधा आम्लविरहित कागद मध्ये घालून आडवी ठेवलेली पेटी आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेला पानाचा क्रमांक, एवढं केलं तरी पुष्कळ वाचतं. हा खर्च चित्रकाराच्या घरच्यांच्या आवाक्यातला आहे.

सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला ठाकर समाजाने चित्रकथी जपण्याचं काम मनापासून केलं आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या कुटुंबाच्या संग्रहालयात चित्रं आणि बाहुल्या एकत्र पाहायला मिळतात आणि कथा ऐकायलाही मिळते. माझी एकच तक्रार आहे, ती त्यांच्याशी नसून गिऱ्हाइकांशी आहे: भिंतीवर लावायला एकेकटं चित्र मागितलं जातं, तेव्हा नव्या हाताला आख्यान रचण्याचा सराव कुठून मिळणार?

महाराष्ट्रात चित्रकथी समाज भटक्या जमातींच्या यादीत नोंदलेला आहे. यादीतल्या नावापलीकडे या समाजातल्या वृद्धांकडे कुठली आख्यानं आहेत, कोणत्या क्रमाने गायली जात, हे आवाजासह टिपून ठेवायला हवं. त्यासाठी पैठणमध्ये एक खोली पुरेल. पुणे आणि लंडनकडून तिथल्या पानांची दोन्ही बाजूंची छायाचित्रं मागवावीत, मागच्या-पुढच्या चित्रांवरून क्रम लावावा, आणि मोकळी राहिलेली जागा मोकळीच दाखवावी. पोथी जुळवण्याचं काम तिथून सुरू करता येईल.