मुका माज, की चुकलेलं निरीक्षण?

संशोधन आराखडा लिहिताना आपण जवळजवळ सगळेच एक गोष्ट करतो. कुणीतरी तयार केलेली मोजपट्टी उचलतो, तिचा संदर्भ देतो आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतो. गायीचा माज ओळखण्याच्या विषयात ही सवय कशी अंगाशी येते, ते आज बघू. विषय तुमचा नसला तरी चूक ओळखीची वाटेल.

मोजपट्टी आहे व्हॅन एर्डेनबर्ग आणि सहकाऱ्यांची, १९९६ सालची, नेदरलँड्समधली. प्रत्येक खुणेला गुण आहेत. सोट दिसला तर ३, अस्वस्थपणा ५, दुसऱ्या गायीचा मागचा भाग हुंगला तर १०, तिच्या पाठीवर हनुवटी टेकवली तर १५, दुसरीवर चढली तर ३५, डोक्याच्या बाजूने चढली तर ४५. दुसरी गाय अंगावर चढल्यावरही स्थिर उभी राहिली तर थेट १००. २४ तासांतली बेरीज ५० च्या वर गेली की गाय माजावर आहे असं धरायचं.

पद्धत चांगली आहे, हे आधी मान्य करू. तिच्याआधी बहुतेक ठिकाणी ‘स्थिर उभी राहिली का?’ हा एकच प्रश्न होता आणि त्यात कितीतरी माज निसटत होते. एर्डेनबर्ग यांनी लहान खुणांनाही किंमत दिली. निरीक्षण आकड्यात आलं, त्यामुळे दोन निरीक्षकांची तुलना करता येऊ लागली.

आता ही पट्टी घेऊन जालना जिल्ह्यात भोकरदन किंवा जाफराबादकडच्या एखाद्या शेतवस्तीवर जा. दोन-तीन गायी, एखादी म्हैस, सगळी जनावरं दावणीला. गाय खुंट्याला बांधलेली असेल तर ती कुणावर चढणार? आणि तिच्यावर कोण चढणार? ३५, ४५ आणि १०० हे तिन्ही मोठे गुण तिथेच बाद झाले. राहिला सोट ३ आणि अस्वस्थपणा ५. सकाळ-संध्याकाळ दोन्ही फेऱ्यांत दोन्ही खुणा दिसल्या तरी बेरीज १६. दावं लांब आहे, शेजारणीला हुंगलं, हनुवटीही टेकवली असं धरलं तरी एका फेरीचे ३३. म्हणजे गाय खरोखर माजावर आहे, मालकिणीला ते कळलंय, पण आपल्या तक्त्यात तिची नोंद ‘माज नाही’ अशी होणार.

मी स्वतः पहिल्या वर्षाच्या आराखड्यात हीच पट्टी जशीच्या तशी घातली होती. गोठ्यात तासभर बसल्यावर लक्षात आलं, की मी गायीचं वागणं मोजत नव्हतो. दाव्याची लांबी मोजत होतो.

यातूनच ‘मुका माज’ या शब्दाचा प्रश्न उभा राहतो. खरा मुका माज असतो. अंडाशयात सगळं नीट चालू असतं, स्त्रीबीज सुटतं, पण बाहेर खुणा दिसत नाहीत. व्याल्यानंतरच्या पहिल्या चक्रात तर हे नेहमीचंच. पण आपण हा शब्द फार सैल वापरतो. खुणा नव्हत्या आणि खुणा बघायला कुणी नव्हतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देशी वंशाच्या गायींचा माज छोटा असतो, साधारण १० तासांच्या आसपास, आणि बऱ्याचदा रात्री येतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की दिवसा उरलेल्या खुणाही मंदावतात. रात्री ८ ला सुरू झालेला माज सकाळी ६ ला संपला आणि आपलं निरीक्षण सकाळी ९ ला असेल, तर मुकी गाय नाही, गैरहजर आपण आहोत.

हेच उदाहरण घेऊन दुसरा प्रसिद्ध नियम तपासू. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. हा नियम ट्रिम्बर्गर यांच्या १९४८ च्या नेब्रास्कातल्या कामावर उभा आहे आणि आपल्याकडे तो सगळ्यांना तोंडपाठ आहे. त्यात एक गृहीतक लपलेलं आहे: माज ‘दिसला’ म्हणजे तो नुकताच ‘सुरू झाला’. आपल्या गायीचा माज धार काढताना सकाळी ६ ला दिसला, तेव्हा तो संपत आला होता. स्त्रीबीज माज संपल्यावर साधारण १० ते १२ तासांनी सुटतं, म्हणजे दुपारी ४ ते संध्याकाळी ६ च्या दरम्यान. शुक्राणूंना फलनक्षम व्हायला काही तास लागतात. मग नियम पाळून संध्याकाळी ६ ला केलेलं रेतन उशिराचं ठरू शकतं. गाय उलटली की दोष गायीला, रेतमात्रेला किंवा रेतन करणाऱ्याला. घरचे २१ दिवस मात्र गेले. दोन-तीनदा असं झालं की चांगली गाय भाकड म्हणून बाजार दाखवते.

मग मालकाच्या डोळ्यावर विश्वास ठेवून मोकळं व्हायचं का? तसंही नाही. माहितीपत्रकांतली यादी आठवा: हंबरते, चारा कमी खाते, दूध कमी देते, वारंवार लघवी करते. यातली प्रत्येक खूण दुसऱ्या कारणानेही दिसते. एक काल्पनिक हिशेब करू. २१० दिवसांत १० माज. समजा, एखादी खूण माजाच्या १० पैकी ८ दिवशी दिसते आणि बाकीच्या २०० पैकी फक्त २० दिवशी. ऐकायला खूण भारी वाटते. पण ती दिसली तेव्हा गाय खरंच माजावर असण्याची शक्यता २८ त ८, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. आता तीच खूण फक्त मागच्या माजापासून १८ ते २४ व्या दिवसांत बघितली तर? ७० दिवस, ८ खऱ्या आणि ६ खोट्या. शक्यता १४ त ८. नवं यंत्र लागलं नाही, भिंतीवरचं कॅलेंडर लागलं.

म्हणून या विषयात काम करणार असाल तर काही गोष्टी आराखड्यातच ठरवा. पट्टी वापरण्याआधी, तुमच्या गोठ्यात जास्तीत जास्त किती गुण शक्य आहेत ते मोजा. शक्य असेल तर सकाळ-संध्याकाळ अर्धा तास गायी मातीच्या मोकळ्या जागेत सोडा आणि मोकळी-बांधलेली अशी वेगळी नोंद ठेवा. निकष म्हणून पुन्हा खुणाच वापरू नका, नाहीतर खुणांनीच खुणा सिद्ध होतात. प्रोजेस्टेरॉन तपासा. माजाच्या दिवशी ते अगदी कमी असतं आणि पुढच्या आठवड्यात चढतं. माजानंतर एक-दोन दिवसांनी शेपटीला रक्त दिसलं तर तीही नोंद करा. ते गर्भ राहिला किंवा राहिला नाही याची खूण नाही, पण हुकलेल्या माजाची तारीख सांगतं. सुटलेले माज जितके लिहाल, तितकेच चुकीचे इशारेही लिहा.

आणि प्रश्नावली घेऊन जाल तेव्हा सातबाऱ्यावर नाव कुणाचं आहे ते बघून थांबू नका. पहाटे धार कोण काढतं, शेण कोण उचलतं, ते विचारा. आपल्या तक्त्यात ज्यासाठी रकाना नाही, असं बरंच काही त्या बाईंना माहीत असतं. त्यांचं म्हणणं तपासून बघायचं आहेच, पण आधी लिहून तरी घ्यायला हवं.